दारू बंद केल्यावर तिसऱ्या रात्री भास का झाले?

पत्र : स. न. वि. वि. माझे यजमान ४६ वर्षांचे असून गेली पंधरा-सोळा वर्षे रोज दारू घेतात. पूर्वी एका क्वार्टरवर भागत असे, आता रोज दोन लागतात. तरीही ते शुद्धीत असतात आणि शेतीचे व दुकानाचे व्यवहार नीट पाहतात. श्रावण मात्र ते काटेकोर पाळतात. गटारीला भरपूर घेतात आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर थेंबालाही शिवत नाहीत. सुरुवातीची काही वर्षे सोडल्यावर त्यांना नुसता घाम येई आणि झोप लागत नसे. पुढे हात कापू लागले, चहा पिताना कप बशीवर वाजत असे. गेल्या वर्षी मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना फिट आली आणि शेजाऱ्यांनी कांदा फोडून हुंगवला. तिसऱ्या रात्री ते भिंतीवर नसलेल्या मुंग्या झटकू लागले, वारलेल्या सासऱ्यांशी बोलू लागले आणि मला ओळखेनात. बाहेरचे काहीतरी आहे म्हणून दिरांनी देवरुषाला बोलावले. शेवटी कोणीतरी त्यांना अर्धा ग्लास दारू पाजली आणि पहाटेपर्यंत ते शांत झाले. तेव्हापासून दीर म्हणतात की दारू हेच आता त्यांचे औषध आहे आणि सासूबाई म्हणतात की त्यांचे मनच कच्चे आहे. पिताना काही होत नाही, मग सोडल्यावर असे का होते? या श्रावणात त्यांना दारू सोडू द्यावी की नाही? न सांगता जेवणातून देण्याच्या पावडरीच्या जाहिराती येतात, ती द्यावी का? आणि त्यांचा मेंदू कायमचा बिघडला आहे का? – एक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर :

प्रिय भगिनी, सप्रेम नमस्कार.

जे तातडीचे आहे ते आधी सांगते. आपल्या यजमानांनी या वर्षी श्रावणाच्या पहिल्या दिवशी घरच्या घरी एकाएकी दारू बंद करू नये. दारू जरूर सोडावी आणि शक्य तर कायमची सोडावी, परंतु ती रुग्णालयात भरती होऊन, मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली सोडावी. ज्या माणसाला दारू थांबवल्यावर एकदा फिट आली आहे आणि भ्रम झाला आहे, त्याच्या बाबतीत घरी राहून सोडण्याचा प्रयोग पुन्हा करणे जिवावर बेतू शकते. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करणे योग्य नाही, आणि फिट येण्याची इतर कारणेही डॉक्टरांनी तपासून घ्यायला हवीत. तरीही आपण घटना ज्या क्रमाने लिहिल्या आहेत तो क्रम डॉक्टरांच्या इतक्या ओळखीचा आहे की त्याचा अर्थ सांगण्यास मला संकोच वाटत नाही. दारू एकाएकी थांबल्यावर होणाऱ्या या त्रासाला विथड्रॉवल म्हणतात आणि तिचे जे सर्वांत गंभीर रूप आपण तिसऱ्या रात्री पाहिले, त्याला डेलिरियम ट्रेमेन्स असे नाव आहे.

हे का घडते ते समजण्यासाठी मेंदूत निरोप कसे जातात ते थोडे पाहावे लागेल. मेंदूतील चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोन पेशींमध्ये अतिशय सूक्ष्म फट असते आणि एका पेशीचा निरोप दुसरीपर्यंत या फटीतून रसायनाच्या रूपाने जातो. पलीकडच्या पेशीवर ते रसायन स्वीकारणारी प्रथिने असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. अशी रसायने अनेक आहेत, पण आपल्या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः दोघांपाशी आहे. एक गाबा, जे पेशींना शांत करते. गाबा आपल्या रिसेप्टरवर बसले की ऋणभार असलेले क्लोराइडचे कण पेशीत शिरतात आणि ती पेशी उद्दीपित होणे कठीण होते. दुसरे ग्लुटामेट, जे नेमके उलट काम करते, म्हणजे पेशींना जागे करते आणि निरोप पुढे पाठवायला लावते. आपले जागेपण, झोप, हाताची स्थिरता, नवी गोष्ट लक्षात ठेवणे हे सारे या दोघांच्या तोलावर चालते.

अल्कोहोलचा रेणू अगदी लहान असतो. तो पाण्यात मिसळतो आणि पेशींच्या स्निग्ध आवरणातूनही सहज पार होतो, म्हणून पोटातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पोचायला त्याला काही मिनिटे पुरतात. तेथे तो गाबाचा शांत करणारा परिणाम वाढवतो आणि त्याच वेळी ग्लुटामेटचे काम दाबतो. ग्लुटामेटच्या एनएमडीए नावाच्या रिसेप्टरमधून जाणारा प्रवाह अल्कोहोलमुळे कमी होतो, हे अमेरिकेतील लव्हिंजर, व्हाइट आणि वेट या संशोधकांनी १९८९ साली दाखवून दिले. स्मृती साठवण्याच्या कामात हाच रिसेप्टर महत्त्वाचा असतो. त्यामुळे रात्री बोलणारा, चालणारा, भांडणारा माणूस सकाळी आपल्याला काहीच आठवत नाही असे सांगतो तेव्हा तो दर वेळी खोटे बोलत असतो असे नाही. त्या तासांची नोंद मेंदूत झालेलीच नसते. दारूने येणारी सैल, निवांत अवस्था, अडखळणारी जीभ, जाणारा तोल आणि शेवटी येणारी गुंगी या सगळ्यांच्या मुळाशी मुख्यतः हा दुहेरी परिणाम आहे.

आता आपल्या यजमानांच्या प्रमाणाकडे येऊ. एक क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या व्हिस्की-रमसारख्या दारूत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते, म्हणजे दोन क्वार्टरमधून सुमारे १२० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल शरीरात जाते. यकृत ते ताशी साधारण सात ते दहा ग्रॅम या गतीने निकालात काढते. रोज पिणाऱ्यांचे यकृत काहीसे अधिक वेगाने हे काम करते, पण तेवढ्याने हिशेब फारसा बदलत नाही. रात्री घेतलेली दारू उतरायला दुसरा दिवस बराच वर यावा लागतो आणि संध्याकाळी पुन्हा नवी दारू पोटात जाते. याचा अर्थ असा की श्रावण वगळता गेली कित्येक वर्षे त्यांच्या मेंदूने पूर्णपणे दारूविना असलेले तास फार थोडे अनुभवले आहेत.

इतका काळ एकीकडून दाब पडत राहिला तर मेंदू स्वस्थ बसत नाही, तो स्वतःला त्या दाबाविरुद्ध जुळवून घेतो. गाबाच्या रिसेप्टरांची घडण बदलते आणि ते पूर्वीइतका प्रतिसाद देईनासे होतात. ग्लुटामेटचे रिसेप्टर वाढतात आणि अधिक संवेदनशील होतात. दारू जितकी शांत करू पाहते तितका मेंदू स्वतःला चेतवत राहतो आणि या ओढाताणीत दोन क्वार्टर पोटात असतानाही माणूस सरळ उभा राहतो, हिशेब करतो, गिऱ्हाइकाशी नीट बोलतो. यजमान पिऊनही शुद्धीत असतात असे आपण लिहिले आहे. पुष्कळ घरांत हे कौतुकाने सांगितले जाते आणि ‘त्याला चढत नाही’ म्हणून काळजीही केली जात नाही. प्रत्यक्षात मेंदूतील बदल खोलवर गेल्याची ती खूण आहे, आणि अशाच माणसाने दारू एकाएकी थांबवणे सर्वांत धोक्याचे असते.

रस्सीखेचीत दोन्ही बाजू पूर्ण जोर लावून खेचत असताना एका बाजूने दोर अचानक सोडला तर दुसरी बाजू आपल्याच जोराने मागे कोसळते. श्रावणाच्या पहिल्या दिवशी दारूने दोर सोडला, आणि ग्लुटामेटचा वाढलेला जोर आवरायला गाबा अपुरे पडले. रिसेप्टर वर्षानुवर्षांत बदललेले असतात, ते एका रात्रीत पूर्ववत होत नाहीत. अशा वेळी नॉरअॅड्रेनॅलिन हे दुसरे रसायनही मोठ्या प्रमाणात सुटते, म्हणून घाम येतो, छाती धडधडते, रक्तदाब चढतो, हात कापतात. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते आठ तासांत कापरे सुरू होते. आपण ऐकलेला बशीवर वाजणारा कप तो हाच. फिट बहुधा ४८ तासांच्या आत येते आणि भ्रमाची अवस्था साधारणपणे ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान सुरू होते. गटारीची रात्र धरून मोजले तर दुसऱ्या दिवसाची दुपार आणि तिसरी रात्र या हिशेबात तंतोतंत बसते. भिंतीवर मुंग्या-किडे दिसणे, ते अंगावरून झटकणे, वारलेली माणसे समोर दिसणे, घरच्यांना न ओळखणे हे सारे त्या अवस्थेत जगभरच्या रुग्णांमध्ये दिसते. त्यात बाहेरचे काही नाही. आपल्या दिरांनी त्या रात्री भावाच्या काळजीपोटीच धावपळ केली हे मला समजते, पण ती धावपळ रुग्णालयाच्या दिशेने व्हायला हवी होती. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर एके काळी तीनातला जवळजवळ एक रुग्ण दगावत असे. आज वेळेवर उपचार मिळाल्यास हे प्रमाण शंभरात पाचाच्याही खाली आले आहे.

‘पिताना नाही, मग सोडल्यावर का?’ हा आपला प्रश्न डॉक्टरांनाही दीर्घकाळ पडला होता. फिट आणि भ्रम हे अतिमद्यपानामुळे होतात की पिणाऱ्याची आबाळ आणि कुपोषण यांमुळे, याविषयी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मतभेद होते. अमेरिकेत केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे हॅरिस इझबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षा भोगत असलेल्या काही व्यक्तींना, पुरेसे अन्न आणि जीवनसत्त्वे देत, अनेक आठवडे रोज दारू दिली आणि मग ती एकदम थांबवली. १९५५ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांनी जास्त दिवस दारू घेतली होती त्यांच्यापैकी काहींना पोटभर खाऊनही फिट आल्या आणि भ्रम झाला. कैद्यांवर असा प्रयोग करणे आज कोणत्याही नीतिसमितीला मान्य होणार नाही आणि तसेच असायला हवे. पण त्यातून निघालेला निष्कर्ष कायम राहिला : दीर्घकाळ घेतलेली दारू एकाएकी थांबवणे हेच या लक्षणांचे कारण आहे.

आपल्या पत्रातील एक गोष्ट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करून गेली. पहिल्या वर्षांत नुसता घाम, मग कापरे, मग फिट आणि भ्रम हा चढता क्रम आपण सहज लिहून गेलात, पण तो योगायोग नाही. दारू सोडणे, पुन्हा सुरू करणे आणि पुन्हा सोडणे असे फेरे जितके अधिक होतात तितके पुढचे विथड्रॉवल अधिक तीव्र होत जाते, असा विचार बॅलेंजर आणि पोस्ट यांनी १९७८ मध्ये मांडला आणि नंतरच्या संशोधनातून त्याला बराच आधार मिळाला. प्रत्येक फेऱ्यात मेंदू अतिउद्दीपित होतो आणि पुढच्या खेपेला तेवढे उद्दीपन व्हायला पूर्वीपेक्षा कमी कारण पुरते. म्हणजे यजमानांनी निष्ठेने पाळलेला प्रत्येक श्रावण, त्यानंतर दारू पुन्हा सुरू झाल्यामुळे, पुढच्या श्रावणाचा धोका वाढवत गेला. गटारीला नेहमीपेक्षा जास्त घेऊन दुसऱ्या दिवशी शून्यावर येण्याची रीत त्यात भर घालते, कारण उतार आणखी तीव्र होतो. श्रावण पाळणाऱ्यांच्या श्रद्धेला मी नावे ठेवत नाही. उलट महिनाभर थेंबालाही न शिवणारा माणूस निश्चयाचा असतो, आणि तो निश्चय उपचारांत फार उपयोगी पडतो.

यातच सासूबाईंच्या म्हणण्याचे उत्तरही आहे. हातांचे कापरे आणि आकडी मनाच्या बळाने थांबत नाही, जसे मनाच्या कमकुवतपणाने ती येतही नाही. त्यांना हे आपण सांगितलेत तर कदाचित पटणार नाही. डॉक्टरांच्या भेटीला त्यांनाही बरोबर न्यावे असे मी सुचवेन, कारण अनेक घरांत आईचा शब्द मुलगा ऐकतो आणि आईची समजूत पटली की घरातले टोमणे कमी होतात.

दिरांच्या म्हणण्यात मात्र एक अर्धसत्य आहे आणि तेच घातक ठरते. अर्धा ग्लास दारू दिल्यावर यजमान शांत झाले, कारण गाबाचा परिणाम तात्पुरता पुन्हा वाढला. पण त्या ग्लासाने मेंदूतील मूळ बदलाला हातही लावला नाही, फक्त त्या रात्रीचा हिशेब पुढे ढकलला. शिवाय भ्रमात असलेल्या किंवा नुकतीच फिट येऊन गेलेल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतले तर ते श्वासनलिकेत जाऊन गुदमरण्याचा धोका असतो. डॉक्टर हेच काम मोजून-मापून करतात. क्लोरडायझेपॉक्साइड हे औषध १९६० साली बाजारात आले. ते आणि त्याच्या वर्गातील डायझेपाम, लोराझेपाम ही औषधे गाबाच्याच रिसेप्टरवर, पण वेगळ्या जागी काम करून गाबाचा परिणाम वाढवतात. पहिल्या दिवशी लक्षणे आवरतील इतकी मात्रा देऊन ती रोज थोडी थोडी कमी करत पाच-सात दिवसांत बहुधा थांबवतात. तेवढ्या अवधीत मेंदूला सावरायला सवड मिळते. या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून देण्याचा विचार कृपा करून मनातही आणू नये. दारूबरोबर त्या घेतल्या गेल्या तर श्वास मंदावू शकतो, यकृत बिघडलेले असेल तर औषध बदलावे लागते आणि या गोळ्यांचीही सवय लागते.

आणखी एक बारकी गोष्ट आहे, पण ती लक्षात ठेवावी. रोज पिणाऱ्यांच्या शरीरात बी-१ म्हणजे थायमिन या जीवनसत्त्वाची मोठी कमतरता असते. जेवण कमी होते आणि आतड्यांतून ते शोषलेही नीट जात नाही. मेंदूतील पेशींना साखर वापरण्यासाठी थायमिन लागते. ते नसताना शिरेतून ग्लुकोज दिले तर उरलेसुरले थायमिन संपून मेंदूचा काही भाग कायमचा दुखावू शकतो. कार्ल व्हेर्निके यांनी १८८१ साली वर्णन केलेल्या या विकारात डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल डगमगते आणि माणूस गोंधळतो. त्यातून पुढे नवीन काहीच लक्षात न राहण्याची जी अवस्था येते ती बहुधा पूर्णपणे सुधारत नाही. आपल्याकडे अशक्त दिसला की सलाईन लावण्याची घाई असते. यजमानांना कोठेही सलाईन लावण्याची वेळ आली तर ते रोज दारू घेतात हे आधी सांगावे आणि थायमिनचे इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी किंवा निदान बरोबर द्यावे अशी विनंती करावी. ही विनंती केली म्हणून कोणताही जाणता डॉक्टर रागावणार नाही.

या श्रावणासाठी प्रत्यक्षात काय करावे ते आता सांगते. आषाढी एकादशी ते अमावास्या हा साधारण १९ दिवसांचा काळ असतो. एकादशी झाली की त्यांना घेऊन मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागात जावे. यकृत, साखर, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांच्या तपासण्या आणि हृदयाचा आलेख तेथे होईल. भरती गटारीच्या आधीच करावी, म्हणजे अमावास्या रुग्णालयात जाईल आणि श्रावणाचा पहिला दिवस उजाडेल तेव्हा धोक्याचे दिवस मागे पडलेले असतील. त्यांच्याशी बोलताना ‘या वर्षी श्रावण पाळू नका’ असे म्हणू नये. ते त्यांच्या मनाला लागेल. ‘या वर्षी श्रावण चार दिवस आधीच सुरू करू आणि डॉक्टरांच्या मदतीने पाळू’ असे म्हणावे. बोलणे सकाळी, ते प्यायलेले नसताना आणि मुले समोर नसताना करावे. डॉक्टरांची भेट होईपर्यंत त्यांनी रोजची दारू कोणाच्याही दबावाने एकदम शून्यावर आणू नये, हे सांगताना मला जड जात आहे आणि ऐकताना आपल्यालाही जड जाईल, पण त्यांचा मेंदू आज ज्या अवस्थेत आहे त्यात हेच सुरक्षित आहे. ‘आता रुग्णालयात जातोच आहे’ म्हणून जास्त घेण्याची मुभा मात्र यातून कोणी काढू नये.

मध्येच फिट आली तर त्यांना कुशीवर वळवावे, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवावे, आसपासच्या टोकदार वस्तू हलवाव्यात आणि घड्याळ पाहावे. कांदा, चप्पल, चमचा, पाणी यांपैकी काहीही नाका-तोंडाशी नेऊ नये. हातपाय दाबून धरू नयेत. फिट लगेच थांबली तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, कारण एका फिटनंतर काही तासांत दुसरी येऊ शकते आणि तिच्या मागोमाग भ्रमही होऊ शकतो.

पावडरीविषयी माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. अशा पाकिटांत काय असते ते त्यावर खरेपणाने लिहिलेले असेलच याची खात्री नसते. त्यात डायसल्फिराम असू शकते. या औषधाचा दारूवरील परिणाम १९४८ साली डेन्मार्कमधील हाल्ड आणि याकोबसेन यांनी प्रसिद्ध केला. मेंदूतील गाबा-ग्लुटामेटचा तोल सावरण्याचे काम हे औषध करत नाही. ते यकृतातील एक पायरी अडवते, त्यामुळे दारू घेतल्यावर अॅसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ रक्तात साठतो, चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो आणि हृदय कमजोर असेल तर मृत्यूही ओढवू शकतो. ज्याला आपल्या जेवणात हे औषध आहे याची कल्पनाच नाही तो नेहमीप्रमाणे क्वार्टर उघडणार आणि त्याची ही दशा होणार. म्हणून डायसल्फिराम रुग्णाला सर्व समजावून, त्याच्या संमतीनेच देतात, आणि काही रुग्णांना त्याचा चांगला उपयोगही होतो. शिवाय समजा, पावडरीच्या त्रासाने घाबरून त्यांनी दारू तडकाफडकी बंद केली, तर तिसऱ्या रात्री आपण पुन्हा त्याच ठिकाणी उभ्या असाल. आणि जेवणात काही मिसळले जात होते हे कळल्यावर त्यांचा आपल्यावरील विश्वास उडेल. पुढचे उपचार त्या विश्वासावरच चालायचे आहेत.

रुग्णालयातील आठवडा संपला म्हणजे दारू सुटली असे समजू नये. दर वर्षी श्रावणानंतर ती पुन्हा का सुरू होते याचे कारण आणखी दोन रसायनांत आहे. दारूमुळे मेंदूत एंडॉर्फिन हे सुखद रसायन सुटते आणि ज्या भागात एखादी गोष्ट पुन्हा हवीशी वाटण्याची जुळणी होते तेथे डोपामिन वाढते. उंदरांच्या मेंदूत अल्कोहोलने असे डोपामिन वाढते हे डी कियारा आणि इम्पेराटो यांनी १९८८ साली दाखवले. वर्षानुवर्षे दारूने वाढवलेल्या डोपामिनची सवय झाली की मेंदूचा त्याला मिळणारा प्रतिसादच मंदावतो. मग दारू सोडल्यावर काही आठवडे, कधी काही महिने, कशातच रस वाटत नाही, झोप तुटक लागते, चिडचिड होते, आणि संध्याकाळची नेहमीची वेळ झाली किंवा नेहमीचे मित्र दिसले की तीव्र ओढ उठते. आपण मात्र त्या दिवसांत म्हणतो, ‘आता दारू सोडली आहे, मग तोंड पाडून का बसला आहात?’ तेव्हा त्यांना हे समजावणीचे बोलणे हवे असते की ही अवस्था मेंदू सावरत असल्याने आली आहे आणि ती ओसरणार आहे. ही ओढ कमी करणारी औषधे आहेत. नाल्ट्रेक्सोन एंडॉर्फिनचे रिसेप्टर अडवते, त्यामुळे दारूतून मिळणारे सुख फिके पडते. अमेरिकेत १९९४ साली या उपयोगासाठी त्याला मान्यता मिळाली. अॅकॅम्प्रोसेट ग्लुटामेटची बिघडलेली बाजू सावरायला मदत करते असे मानले जाते. नाल्ट्रेक्सोन सुरू करण्याआधी यकृताची तपासणी हवी आणि ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके चालू असतील तर ते देता येत नाही. अॅकॅम्प्रोसेटसाठी मूत्रपिंडे नीट हवीत. यांतले काय त्यांना योग्य ते डॉक्टर ठरवतील.

औषधांइतकेच महत्त्व सोबतीला आहे. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या ठिकाणी राहून उपचार घेता येतात आणि तेथे कुटुंबीयांशीही बोलले जाते. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या संघटनेच्या सभा महाराष्ट्रात अनेक गावांत मराठीतून भरतात. घरातून बाहेर पडणे अवघड असेल तर केंद्र सरकारच्या १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा १४४१६ या टेलिमानस नावाच्या मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. टेलिमानसवर मराठीतूनही बोलता येते. आपण स्वतःही तेथे बोलावे. पंधरा वर्षे हे घर आपण सांभाळले आहे आणि त्या रात्रीची भीती अजून आपल्या अक्षरांत दिसते. त्या भीतीवरही उपचार व्हायला हवेत.

मेंदू कायमचा बिघडला आहे का, या आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी आशेचे आहे. दारू थांबल्यावर गाबा आणि ग्लुटामेट यांचा तोल पहिल्या काही आठवड्यांत बराचसा सावरतो. दारूमुळे आक्रसलेला मेंदू दारूविना राहिल्यास काही प्रमाणात पूर्ववत होतो, हे मेंदूच्या चित्रणांतून अनेकदा दिसले आहे आणि त्यातली बरीच सुधारणा पहिल्या काही महिन्यांतच होते. लक्ष लागणे, आठवण राहणे, निर्णय घेणे हे हळूहळू सुधारते, झोपेला अधिक वेळ लागतो. ते आजही व्यवहार नीट पाहतात ही चांगली गोष्ट आहे. मात्र रस्त्याने चालताना सतत तोल जाणे, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणे किंवा सकाळी सांगितलेली गोष्ट दुपारी मुळीच न आठवणे असे काही आपल्या लक्षात आले असेल तर ते आषाढी एकादशीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांच्या कानावर घालावे.

एक सूचना आपण विचारलेली नाही, तरी देते. पुढे कधी यजमानांना हर्नियाच्या ऑपरेशनसाठी, हाड मोडले म्हणून किंवा तापाने रुग्णालयात ठेवावे लागले आणि तोवर दारू पूर्ण सुटलेली नसेल, तर भरती करतानाच रोज किती दारू घेतात आणि शेवटची कधी घेतली हे खरे सांगावे. लाजेपोटी घरचे लोक ‘कधीतरी घेतात’ असे सांगतात. रुग्णालयात दारू आपोआप बंद होते, तिसऱ्या दिवशी रुग्ण सलाईनची सुई उपसून पलंगावरून उतरू लागतो आणि हे ऑपरेशनमुळे झाले की तापामुळे, हे शोधण्यात डॉक्टरांचे मोलाचे तास जातात. हे माहीत असेल तर औषध पहिल्याच दिवशी सुरू करता येते.